वय झाल्यावर चित्रं शिकायला घेतलेलं वॉटरकलर किट: रंग ठीक, एक ब्रश झकास, कागद मात्र बदलाच

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. किट घ्यायला हरकत नाही, पण त्यातल्या कागदावर शिकू नका, कागद वेगळा आणा. एवढं एक केलंत तर बाकीच्या कुरबुरी चालवून घेता येतात. नाही केलंत तर काही दिवसांत तुमची खात्री पटेल की आपला हात आता वळायचा नाही, वय निघून गेलं, आणि डबा कपाटात जाईल. या असल्या किटांचे डबे किती कपाटांत पडलेत देव जाणे.

आता सविस्तर. हे किट 'पन्नाशीनंतर पहिल्यांदाच ब्रश हातात घेणाऱ्यांसाठी' अशा जाहिरातीने विकतात. नाव मुद्दाम देत नाहीये, कारण हाच डबा वेगवेगळ्या नावांनी मिळतो, वरचं लेबल तेवढं बदलतं, त्यामुळे वर्णनावरूनच ओळखा: पत्र्याचा काळा डबा, त्यात बारा हाफ पॅन (म्हणजे सुक्या रंगाच्या छोट्या वड्या), तीन ब्रश, वीस कागदांचं पॅड, एक पातळ पुस्तिका आणि तिच्या मागच्या पानावर व्हिडिओंचा क्यूआर कोड.

डबा स्वतः छान आहे हं. झाकण उघडलं की आतला पांढरा इनॅमलचा भाग पॅलेट म्हणून वापरता येतो, तीन मोठे खळगे आहेत, खाली अंगठा घालायला कडी आहे. पॅन मात्र चिमुकले, साधारण 19 बाय 16 मिलिमीटर, म्हणजे आठ नंबरचा ब्रश नीट फिरवायला जेमतेम जागा. आणि रंगांची नावं कुठे छापलीत, तर पॅनच्या बुडाला, इतक्या बारीक अक्षरात की चष्मा लावूनही भिंग लागतं. पन्नाशीच्या पुढच्या माणसासाठी बनवलेली वस्तू आहे ना ही? ज्याने डिझाइन केली त्याला चाळिशी लागलेली नसणार, एवढं नक्की. डोळ्यांचा विषय पुढे परत येणारच आहे.

रंगांबद्दल जरा जास्त लिहिते, कारण दुकानदार हे सांगत नाहीत. कुठल्याही बऱ्या रंगावर नावाखाली एक कोड असतो, पीबी 29, पीवाय 42 असला. पी म्हणजे पिगमेंट, रंगाची मूळ पूड, पुढचं अक्षर रंगाच्या घराण्याचं आणि मग नंबर. नाव कंपनी काहीही ठेवते, 'सनसेट' म्हणेल नाहीतर 'मॉर्निंग' म्हणेल, पण खरं काय ते कोड सांगतो. या डब्यातला निळा पीबी 29 आहे, म्हणजे अस्सल अल्ट्रामरीन, आणि तो मला फार आवडला. याचे कण जड असतात, पाणी सुकताना कागदाच्या बारीक खळग्यांत जाऊन बसतात आणि नुसत्या एका थरातही पोत दिसतो, आपण काही केलेलं नसतं आणि आकाश आपोआप आकाशासारखं दिसायला लागतं. पूर्वी हा रंग लॅपिस लाझुली नावाचा दगड कुटून काढायचे आणि त्याचा भाव ऐकून चित्रकारांना घाम फुटायचा. मग फ्रान्समध्ये स्वस्त पर्याय शोधणाऱ्याला 6000 फ्रँकचं बक्षीस जाहीर झालं आणि 1828 मध्ये ते गीमे नावाच्या माणसाने मिळवलं. आज शिकाऊ डब्यातसुद्धा तो असतो ही त्याचीच कृपा.

दुसरा निळा थॅलो, पीबी 15. हा भयंकर जोरदार. ब्रशच्या टोकाला लागला तेवढा अख्खं पॅलेट निळं करतो आणि कागदावर एकदा बसला की सहसा उठत नाही. अल्ट्रामरीन ओल्या ब्रशने बऱ्यापैकी उचलता येतो, थॅलो नाही. हा फरक पुस्तिकेत एका ओळीत सांगितला असता तर किती कागद वाचले असते, पण नाही सांगितला.

पिवळा ऑकर, बर्न्ट सिएना दोन्ही चांगले. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र करून बघा, पाण्याचं प्रमाण बदलत गेलात तर पावसाळी ढगापासून जवळजवळ काळ्यापर्यंत सगळे करडे त्या दोघांतून निघतात आणि ते डब्यातल्या तयार काळ्यापेक्षा कितीतरी जिवंत दिसतात. म्हणून काळ्याचा पॅन वाया गेलेली जागा आहे. पांढराही तसाच, जलरंगात पांढरा म्हणजे कागद सोडायचा, झिंक व्हाइट लावून वरून उजेड आणायला गेलं की सगळं दुधाळ होतं.

खरी तक्रार क्रिमसनची. त्यावर पीआर 83 लिहिलंय, म्हणजे अ‍ॅलिझरिन. दिसायला अप्रतिम, आणि उजेडात टिकत नाही. जुनी गोष्ट आहे, चित्रकारांना माहीत आहे, आणि क्विनाक्रिडोन घराण्यातले टिकाऊ पर्याय 1950 च्या दशकाच्या शेवटापासून बाजारात आहेत, तरी शिकाऊंच्या डब्यात अजून हाच टाकतात. का, तर शिकाऊ माणसाचं चित्र कोण भिंतीवर लावणार आहे! असंच धरलंय ना? अहो, साठीत पहिलं बरं चित्र जमलं तर तेच भिंतीवर लागणार की. स्वतःच तपासायचं असेल तर एका पट्टीवर सगळे रंग ओढा, अर्धी पट्टी जाड पुठ्ठ्याने झाका, उन्हाच्या खिडकीत चिकटवा आणि विसरून जा. काही आठवड्यांनी पुठ्ठा काढलात की कोण टिकाऊ आणि कोण पाहुणा ते समोर येतं. माझ्या पट्टीवर क्रिमसनचा उघडा भाग ओळखू येत नव्हता.

ब्रश तीन: दोन नंबरचा गोल, आठ नंबरचा गोल आणि अर्ध्या इंचाचा चपटा. यातला आठ नंबरचा म्हणजे या किटमधली सगळ्यात मोलाची वस्तू. सिंथेटिक आहे, पण पाण्यात बुडवून एक झटका दिला की केस एकत्र येऊन सुईसारखं टोक येतं, दाबला की रुंद पट्टा, उचलला की बारीक रेघ. पान काढायचं तर टोक टेकवा, दाबा, फिरवत उचला, झालं पान. या एका ब्रशवर वर्षभर शिकता येईल. दोन नंबरचा मात्र मी बाजूला ठेवला आणि तुम्हीही ठेवा, कारण तो हातात असला की माणूस कोरत बसतो, पापण्या काढ, कौलं मोज, आणि जलरंग कोरण्याने मरतो. चपटा ठीक, फक्त केस गळतात, सुकलेल्या आकाशात एखादा केस सापडतो. दांडे पातळ आहेत, बोटांचे सांधे दुखणाऱ्यांनी पेन्सिलीला लावतात ती फोमची नळी चढवावी, पकड सैल राहते आणि हात लवकर दमत नाही.

आता कागद. ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

पॅडवर लिहिलंय 190 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला 190 ग्रॅम, लाकडाच्या लगद्याचा. वरून बघितलं तर बरा वाटतो, दाणेदार आहे, हाताला जाड लागतो. फसगत तिथेच आहे. यावर साधा वॉश देऊन बघा, म्हणजे वर गडद आणि खाली हलकं होत जाणारं आकाश. त्याची पद्धत अशी की बोर्ड थोडा तिरका ठेवायचा, भरलेल्या ब्रशने वरून एक आडवा पट्टा ओढायचा, त्याच्या खालच्या काठाला रंगीत पाण्याची एक जाड कड साचते, पुढचा पट्टा त्या कडेला हलकेच टेकवत ओढला की ती कड एक पायरी खाली उतरते, आणि दर पट्ट्याला ब्रशमध्ये पाणी वाढवत गेलं की रंग आपोआप विरत खाली येतो. सगळा खेळ त्या ओल्या कडेचा. ती शाबूत राहिली पाहिजे.

किटच्या कागदावर ती राहतच नाही. पट्टा ओढून ब्रश परत पॅलेटकडे नेईपर्यंत कागदाने पाणी पिऊन टाकलेलं असतं, कड गायब, दुसरा पट्टा पहिल्याला मिळत नाही, मधे ठळक रेघ उमटते. रेघ घालवायला परत ब्रश फिरवला की वरचा थर सुटून धुतलेल्या स्वेटरवर येतात तसे गोळे येतात. तोपर्यंत कागद वर-खाली वाकलेला असतो, पाणी खोलगट भागात जमा होतं, उंच भाग आधी सुकतो, जमलेलं पाणी मग सुकलेल्या रंगात परत घुसतं आणि वेड्यावाकड्या कडांचे डाग पसरतात. आकाश जाऊ दे, भिंतीला ओल आल्यासारखं काहीतरी दिसतं. आणि समोर बसलेला माणूस काय म्हणतो? माझ्याच्याने होत नाही. हाच माणूस वीस वर्षांचा असता तर म्हणाला असता की कागद भिकार आहे. साठीत सगळं खापर वयावर फोडायची सवय लागलेली असते.

तोच आठ नंबरचा ब्रश, तेच रंग, तोच हात, फक्त कागद 300 जीएसएमचा आणि शंभर टक्के कॉटनचा घ्या. मी लगेच शेजारी शेजारी करून बघितलं. कड थांबते. अक्षरशः थांबून राहते, आपण चष्मा वर सारून, ब्रश भरून, विचार करून परत येईपर्यंत. कारण या कागदाला साइझिंग, म्हणजे पाणी लगेच पिऊ नये म्हणून दिलेली खळ, नीट असतं, जिलेटिनचं नाहीतर सिंथेटिक, त्यामुळे पाणी वर रेंगाळतं आणि हळूहळू मुरतं, आणि कापसाचे धागे लांब असल्याने दोनदा तीनदा ब्रश फिरवला तरी पृष्ठभाग सोलवटत नाही. म्हणजे नवशिक्याला जास्त वेळ देणारा, चुका पोटात घालणारा कागद हा आहे, आणि आपण नवशिक्याला देतो काय तर जो कसलेल्या माणसालाही दमवेल तो. उलटा कारभार आहे हा सगळा.

कॉटन कागद महाग असतो, मान्य, आणि महाग कागदासमोर हात आखडतो हेही मान्य. त्यावर उपाय म्हणजे पॅड न घेता 22 बाय 30 इंचाचा पूर्ण ताव घ्यायचा आणि घडी घालून फाडत आठ तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा वहीच्या पानाएवढा होतो. बिघडलेल्या चित्राची मागची बाजूही वापरायची, तीही चांगलीच असते. कोल्ड प्रेस म्हणजे दाणेदार कागद मागा, हॉट प्रेस गुळगुळीत असतो आणि सुरुवातीला त्यावर पाणी आवरत नाही. किटचं पॅड फेकायची गरज नाही, रंग मिसळून बघायला, पेन्सिलीचे कच्चे आराखडे काढायला वापरा, त्यासाठी उत्तम आहे.

कंपनीला मेल केला होता. उत्तर आलं की सुरुवातीच्या सरावासाठी हा कागद पुरेसा आहे. ठीक. मग क्यूआर कोडवरचे व्हिडिओ परत लक्ष देऊन बघितले आणि हसावं की रडावं कळेना. व्हिडिओतला शिक्षक किटच्या कागदावर रंगवतच नाहीये! त्याच्या कागदाच्या कडा नैसर्गिक, झालरीच्या, पाणी वर चकाकत उभं, आणि चित्र संपेपर्यंत कागद सपाट. पॅडच्या कागदाला असल्या कडा कुठून येणार, तो मशीनने कापलेला. पुरेसा आहे ना, मग तुम्हीही त्याच्यावरच रंगवून दाखवा की.

व्हिडिओंबद्दल अजून थोडं. माहिती चुकीची नाही, पण बोलणं संथ आणि हात सुसाट असा प्रकार आहे. 'आता आपण ब्रश पाण्यात बुडवूया हं' हे वाक्य सावकाश, लडिवाळ आवाजात, आणि खरी करामत जिथे आहे, ओल्या कागदावर ओला रंग सोडायचा तो नेमका केव्हा, कागदाची चकाकी किती उरली असताना, ते मात्र फास्ट फॉरवर्डमध्ये. दर दोन मिनिटांनी 'वा, किती सुंदर जमतंय तुम्हाला'. अरे बाबा, तुला काय माहीत काय जमतंय? माझं चिखलासारखं झालंय, ते का झालं ते सांग. (का होतं तेही लिहून टाकते: तीनपेक्षा जास्त पिगमेंट एकात एक घातले, नाहीतर खालचा थर अर्धवट ओला असताना वर ब्रश घासला की बहुतेक वेळा हेच होतं.) मोठ्या माणसाला आयुष्यभर काम करून टीका ऐकायची सवय असते, त्याला गोंजारून चालत नाही, चूक कुठे ते सांगितलं की तो दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून आणतो.

पुस्तिकेत ते नेहमीचं प्रेरणा देणारं पान आहेच. रवींद्रनाथ टागोर साठीनंतर चित्रकलेकडे वळले, 1930 मध्ये पॅरिसला प्रदर्शन झालं, दोन हजारांवर चित्रं केली. मेरी डेलानी, जन्म 1700, बहात्तरीच्या सुमारास रंगीत कागद कापून फुलांची चित्रं चिकटवायला लागल्या आणि नजर अधू होईपर्यंत 985 केली, आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. सगळं खरं. पण हे सांगताना पुस्तिका अशी सांगते जणू दोघं एका सकाळी रिकाम्या हाताने उठले. टागोर वर्षानुवर्षं हस्तलिखितात खोडलेल्या ओळींना आकार देत होते, पक्षी, चेहरे, काय वाट्टेल ते, त्यातून चित्रं आली. डेलानीबाईंनी आयुष्यभर भरतकाम केलं होतं, कात्री आणि फुलं दोन्ही हाताखालून गेलेली. उशिरा सुरुवात करणाऱ्याच्या हातात आधीचं काहीतरी असतंच. शिवणकाम केलेल्या बाईला कापडाची घडी कशी पडते ते ठाऊक असतं, सुताराला अंतर डोळ्याने मोजता येतं, ज्याने आयुष्यभर फळ्यावर लिहिलं त्याचा खांद्यातून हात फिरतो आणि वॉशला तोच लागतो. पुस्तिकेने हे विचारायला हवं होतं की तुम्ही आजवर हाताने काय केलंय. त्याऐवजी पहिला धडा काय, तर वर्तुळात तीन रंग भरा. बालवाडी.

डोळ्यांचं सांगायचं राहिलं. वाचायचा चष्मा साधारण 40 सेंटिमीटरवर नेमका असतो आणि चित्र काढताना कागद त्यापेक्षा लांब असतो, त्यामुळे माणूस नकळत वाकतो आणि अर्ध्या तासात मान धरते. प्रोग्रेसिव्ह काचा असतील तर उलटं, हनुवटी वर करून खालच्या भागातून बघावं लागतं. कॉम्प्युटरच्या अंतराचा सिंगल नंबरचा चष्मा करून घ्या, फरक पडतो. दुसरं म्हणजे वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळ्याची छटा मंद दिसते. फ्रेंच चित्रकार मोनेला 1912 मध्ये मोतीबिंदूचं निदान झालं, ऑपरेशन केलं 1923 मध्ये, आणि मधल्या काळातल्या चित्रांत लाल-तपकिरी किती वाढलाय ते बघण्यासारखं आहे. आपण मोने नाही, पण पिवळ्या बल्बखाली रंगवून सकाळी बघितलं की धक्का बसतो तो बसतोच. दिवा पांढरा, 5000 केल्विनच्या आसपासचा, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 च्या वर असलेला घ्या, बल्बच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. किटमध्ये या विषयावर अवाक्षर नाही, आणि म्हणे पन्नाशीनंतरच्यांसाठी.

घ्यावं कुणी? ज्याला सुटे रंग, सुटे ब्रश निवडत बसायचा कंटाळा आहे आणि डबा आवडलाय त्याने खुशाल घ्यावं. ज्याच्याकडे मुलांचे जुने का होईना पण बरे रंग पडलेत त्याने आठ नंबरचा एक गोल ब्रश आणि कॉटनचा एक ताव घ्यावा, किट घेऊ नये. भेट म्हणून देणाऱ्यांना विनंती, सोबत कागद द्या.

एक शेवटची कामाची गोष्ट, पॅन ठरलेल्या मापाचे असल्याने बदलता येतात. खालून दुहेरी टेपने चिकटवलेत, पातळ पट्टी सरकवली की निघतात. रिकाम्या पॅनमध्ये ट्यूबमधला रंग भरता येतो, पण एकदम काठोकाठ भरू नका, सुकताना आक्रसतो आणि तडकतो, अर्धा भरून एक-दोन दिवस सुकू द्या, मग वरचा थर. मी क्रिमसनच्या जागी क्विनाक्रिडोन रोज घातलाय, पीव्ही 19, आणि पांढरा काढून तिथे दुसरा अल्ट्रामरीन बसवलाय, कारण तो सगळ्यात आधी संपतो.